काउंटी, न्यायिक जिल्हा आणि ऋणकोचे नाव : अमेरिकेतील ग्रामीण दिवाळखोरीच्या नोंदींचा शोध

प्रास्ताविक

शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा तुलनात्मक अभ्यास करणारा आपल्याकडील संशोधक अमेरिकेच्या एखाद्या ग्रामीण भागाकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली चूक बहुधा भाषेमुळे होते. ‘काउंटी’ आणि ‘डिस्ट्रिक्ट’ या दोन्ही शब्दांना आपण मराठीत ‘जिल्हा’ हा एकच प्रतिशब्द वापरतो. त्यात १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाने नादारीच्या अर्जांची अधिकारिता जिल्हा न्यायालयांकडे सोपविल्यामुळे, माणूस ज्या जिल्ह्यातला त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात त्याच्या दिवाळ्याचे कागद सापडतील, ही अपेक्षा आपल्या मनात पक्की असते. अमेरिकेत काउंटीच्या कचेरीत खरेदीखते, गहाणखते, जमीन-विक्रीचे हुकूमनामे मिळतात. दिवाळखोरीचे मूळ प्रकरण मात्र मिळत नाही. तेथील राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने दिवाळखोरीविषयी संपूर्ण देशाला एकसारखा कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. म्हणून ही प्रकरणे संघीय न्यायालयांत चालतात. ही न्यायालये ९४ न्यायिक जिल्ह्यांत विभागलेली असून ते जिल्हे म्हणजे काउंट्या नव्हेत.

प्रस्तुत लेखात नेब्रास्का राज्यातील चेरी काउंटीचे उदाहरण घेतले आहे. क्षेत्रफळाने ही काउंटी जवळजवळ आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी, सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र ५,४५५. वाळूच्या टेकड्या, त्यांवरील गवत आणि गुरांची मोठमोठी कुरणे हे तेथील अर्थजीवन. नेब्रास्काच्या सर्व ९३ काउंट्यांचा मिळून एकच न्यायिक जिल्हा होतो आणि त्याच्या दिवाळखोरी न्यायालयाची कार्यालये ओमाहा व लिंकन या पूर्वेकडील शहरांत आहेत. चेरी काउंटीचे मुख्य ठिकाण व्हॅलेंटाइन हे ओमाहापासून सुमारे तीनशे मैलांवर आहे. अंतराची अडचण पत्रव्यवहाराने सुटते. खरी अडचण अशी की, न्यायालयाची सूची ऋणकोच्या नावाने लावलेली असते, गावाने वा काउंटीने नव्हे. ‘चेरी काउंटीतील सर्व दिवाळखोर’ असे त्या सूचीला विचारता येत नाही.

कायदा नसलेली वर्षे

नोंदी शोधण्यापूर्वी त्या निर्माण झाल्या असतील काय, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत १८००, १८४१ आणि १८६७ साली दिवाळखोरीचे संघीय कायदे झाले आणि प्रत्येक वेळी काही वर्षांतच रद्द झाले; १८६७ चा कायदा १८७८ मध्ये संपुष्टात आला. चेरी काउंटीची स्थापना १८८३ ची. पुढचा कायदा थेट १८९८ साली आला. म्हणजे काउंटीच्या पहिल्या पंधरा वर्षांत तेथे कोणीही संघीय कायद्याखाली दिवाळखोर ठरूच शकत नव्हता. याच काळात, विशेषतः १८९४ साली, नेब्रास्कात भीषण अवर्षण झाले. त्या वर्षीचे एकही दिवाळखोरीचे प्रकरण सापडत नाही, म्हणून वसाहतकऱ्यांनी तो दुष्काळ निभावून नेला, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो साफ चुकीचा ठरेल. कर्ज होते, ते नोंदविणारे दप्तर नव्हते. त्या वर्षांसाठी काउंटीतील गहाणखते आणि गहाण जमिनींच्या न्यायालयीन विक्रीचे दावे हाच आधार.

१८९८ नंतरही शेतकऱ्याबाबत एक खाच राहिली. धनकोंनी अर्ज करून एखाद्यास सक्तीने दिवाळखोर ठरवावे, अशी तरतूद त्या कायद्यात होती. परंतु मुख्यत्वे शेतीवर उपजीविका करणारा मनुष्य तिच्यातून वगळला होता. हे संरक्षण आजच्या कायद्यातही कायम आहे. शेतकरी स्वतःहून अर्ज करू शके, पण त्याला खेचून न्यायालयात नेता येत नसे. साहजिकच सावकार वा बँक गहाणखताच्या वाटेने जात असे आणि ती वाट काउंटीच्या कचेरीतून जाते. १९०४ च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात प्रत्येकी ६४० एकर जमीन देऊ केली. तिच्यावर वसलेल्या आणि पुढे उठलेल्या कुटुंबांचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही दप्तरे शेजारी-शेजारी ठेवूनच वाचावीत. केवळ संघीय प्रकरणे मोजली तर गावातील दुकानदार अधिक बुडाले आणि शेतकरी तरले, असे खोटे चित्र उभे राहू शकते.

मंदीच्या काळात हा तोल काहीसा बदलला. मार्च १९३३ मध्ये कायद्यात ७५ वे कलम घालण्यात आले. एखाद्या काउंटीतील किमान १५ शेतकऱ्यांनी मागणी केल्यास तेथे समेट-आयुक्त नेमण्याची तरतूद त्यात होती. १९३४ च्या फ्रेझियर-लेम्के कायद्याने याच कलमात भर घालून शेतकऱ्यास जमीन ताब्यात ठेवण्यासाठी मुदत दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये तो कायदा अवैध ठरविला. त्याच वर्षी सुधारून केलेला कायदा १९३७ मध्ये वैध ठरला. या वर्षांची प्रकरणे वाचताना अर्जाची तारीख आणि निकालाची तारीख यांतील अंतर तपासावे. कायदाच मध्ये कोसळून पुन्हा उभा राहिला होता.

नाव, तारीख आणि क्रमांक

सूची नावाची आहे, तेव्हा नावे अन्यत्र मिळवावी लागतात. येथे स्थानिक वृत्तपत्र उपयोगी पडते. १८९८ च्या कायद्यानुसार प्रसिद्ध करावयाच्या नोटिसांसाठी दिवाळखोराच्या काउंटीत निघणारे वृत्तपत्र न्यायालयाने नेमून द्यावयाचे असे. ‘व्हॅलेंटाइन डेमोक्रॅट’ सारख्या जुन्या पत्राचे अंक आता अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या अंकीय संग्रहात वाचता येतात. नोटिशीतून नाव आणि तारीख मिळाली की शोधाला दिशा येते. नावांच्या लेखनाबाबत मात्र सावध राहावे. नेब्रास्कात जर्मन आणि चेक वसाहतकरी मोठ्या संख्येने आले. त्यांची आडनावे लिपिकाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असू शकतात. सातबाऱ्यावर एकाच खातेदाराची तीन नावे पाहिलेल्या आपल्या संशोधकास हे वेगळे सांगावयास नको.

जुनी प्रकरणे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख गट २१’ मध्ये, म्हणजे संघीय जिल्हा न्यायालयांच्या कागदपत्रांत मोडतात. नेब्रास्काचे कागद कॅन्सस सिटी येथील शाखेकडे आहेत. प्रकरण बंद झाल्यावर प्रथम ते संघीय अभिलेख केंद्रात जाते आणि तेथून मागविण्यासाठी प्रकरण क्रमांकाबरोबरच हस्तांतरण क्रमांक व पेटी क्रमांक द्यावा लागतो. हे क्रमांक न्यायालयाच्या लिपिक-कार्यालयाकडून मिळतात. अभिलेखागाराकडे नुसते नाव पाठवून उपयोग होत नाही. सर्वच प्रकरणांचे कागद कायम राखले जात नाहीत, हेही गृहीत धरावे. परंतु जे हाती लागते ते मोलाचे असते. अर्जासोबतच्या परिशिष्टांत कोणाचे किती देणे आणि स्वतःची मालमत्ता किती, याचा तपशील शपथेवर दिलेला असतो. किराणा दुकानदार, डॉक्टर, बियाणेवाला, बँक अशी धनकोंची यादी म्हणजे त्या गावातील उधारीचे जाळेच. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास एवढा प्रामाणिक स्रोत क्वचितच मिळतो.

१९७९ नंतरची प्रकरणे

१९७८ ची दिवाळखोरी संहिता १ ऑक्टोबर १९७९ पासून अमलात आली. तिने पती-पत्नींना एकत्र अर्ज करण्याची मुभा दिली. १९८६ साली, शेती-संकटाच्या ऐन काळात, कुटुंबशेती करणाऱ्यांसाठी ‘प्रकरण १२’ जोडण्यात आले. आरंभी तात्पुरते असलेले हे प्रकरण २००५ मध्ये कायम झाले. ग्रामीण काउंटीचा अभ्यास करणाऱ्याने ७ व १३ या प्रकरणांबरोबर १२ व्या प्रकरणाचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा.

अलीकडील नोंदी ‘पेसर’ या संघीय न्यायालयांच्या संगणकीय सेवेवर मिळतात. खाते कोणालाही उघडता येते. दर पानामागे १० सेंट आणि एका दस्तऐवजास कमाल ३ डॉलर असा दर आहे. तिमाहीचे देयक ३० डॉलर वा त्याहून कमी असल्यास ते माफ होते. वीस-पंचवीस प्रकरणे पाहणाऱ्या प्राध्यापकाने काम तिमाह्यांत विभागले तर बहुधा एक पैसाही खर्च होणार नाही. नेब्रास्काच्या प्रकरण क्रमांकात वर्षानंतरचा आकडा ८ ने सुरू झाला तर ते ओमाहाचे आणि ४ ने सुरू झाला तर लिंकनचे. ऋणकोच्या अर्जात काउंटीचा रकाना असतो. त्यामुळे एकाच नावाच्या दोन व्यक्तींपैकी चेरी काउंटीची कोणती, हे अर्ज उघडून ठरविता येते. तत्पूर्वी ठरवू नये.

नाव उघड करावे काय?

ही प्रकरणे कायद्याने सार्वजनिक आहेत. १ डिसेंबर २००७ पासून लागू झालेल्या नियमानुसार सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे व बँक खात्याचे शेवटचे चार आकडेच कागदावर ठेवता येतात आणि अल्पवयीनांची केवळ आद्याक्षरे लिहिली जातात. पण कायद्याने उघडे असलेले सर्व काही लेखात छापावे, असे मला वाटत नाही. साडेपाच हजार वस्तीच्या काउंटीत कोणाचे दिवाळे निघाले हे शेजाऱ्यास ठाऊक असतेच. ते पुस्तकात येणे ही निराळी गोष्ट आहे. हयात व्यक्तींच्या बाबतीत नावाविना काम भागते. काउंटीनिहाय प्रकरणांची संख्या न्यायालयांचे प्रशासकीय कार्यालय प्रसिद्ध करते. फेडरल ज्युडिशिअल सेंटर या संस्थेच्या संगणकीय माहितीसंचात २००८ च्या वित्तीय वर्षापासूनचे अर्ज नावांशिवाय, परंतु ऋणकोच्या काउंटीच्या संकेतांकासह उपलब्ध आहेत. तरीही एखाद्या वर्षी चेरी काउंटीतून प्रकरण १२ खाली एकच अर्ज झाला असेल, तर नाव गाळूनही तो मनुष्य ओळखू येतो. अशा वेळी पाच-पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत किंवा शेजारच्या दोन-तीन काउंट्या मिळून एकच कोष्टक द्यावे.