परक्यांच्या चुलीवरचे विंदाल्यू

इंग्लंडात ‘इंडियन रेस्टॉरंट’ म्हणून जी प्रसिद्धीस आली, त्यांतली बहुसंख्य आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटच्या लोकांनी उभी केली, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. हे मूळचे आगबोटींवरचे खलाशी. भट्टीत कोळसा ओढण्याला विटून त्यांतले काही लंडनच्या गोदीत उतरले ते परतलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबहल्ल्यांत मोडकळीस आलेली लहान उपाहारगृहे त्यांनी स्वस्तात घेतली. तळलेली मासळी आणि बटाट्याच्या चिप्स तशाच ठेवल्या आणि शेजारी हळूच रस्सा मांडला.

येथे गोव्याचा संबंध येतो. लसूण व शिरका ह्यांत मुरविलेले पोर्तुगीजांचे मांस गोव्यात ‘विंदाल्यू’ झाले आणि पुढे इंग्रजांच्या ताटात गेले. सिल्हेटी आचारी मुसलमान. डुकराच्या मांसाला तो हात लावणार नाही. त्याने कोंबडी किंवा मेंढीचे मांस घातले, कित्येकांनी नावातल्या ‘आलू’वर भिस्त ठेवून बटाटाही घातला, आणि गिऱ्हाइकाला तिखटाची प्रत कळावी म्हणून कोर्मा सौम्य, मद्रास जहाल, विंदाल्यू त्याहून जहाल अशी शिडीच लावून दिली. मडगावच्या गृहिणीला तो पदार्थ ओळखूसुद्धा येणार नाही! पण स्वतः मद्याला न शिवणाऱ्या माणसाने प्यालेल्या गिऱ्हाइकांची मध्यरात्रीपर्यंत सरबराई करावी, त्यांची टिंगल पचवावी आणि अखेर त्यांची जीभच वळवावी, ही काही लहान गोष्ट नव्हे. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक ह्यांनी चिकन टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटले, तोवर अर्धशतक उलटले होते.

आज गोव्यातील मुदपाकखान्यांत नेपाळ, ओडिशा, झारखंड येथली मुले बांगड्याच्या हुमणात तिरफळे घालायला शिकली आहेत. त्यांनी रांधलेली ‘अस्सल गोमंतकीय’ शीत-कडी आम्ही चवीने जेवतो आणि हात धुताना त्यांना ‘भायले’ म्हणतो. पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनला जाऊन राबणारे आमचे तरुण तेथे दुसरे कोण आहेत?

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जण मृत्यू पावले. त्यांत पर्यटक थोडे, कामगार अधिक. आणि ते बहुतेक परप्रांतांतून व नेपाळातून आलेले. चौकशा होतात, व्हाव्यात. आमचा प्रश्न साधा आहे: प्रत्येक मुदपाकखान्याला बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा आहे काय, आणि आत राबणाऱ्यांची नावे कोठल्या वहीत लिहिलेली आहेत काय, हे पाहण्यास सरकारचा किंवा पंचायतीचा माणूस मागील दाराने कधी आत शिरणार?