चेंडू कुणाकडून कुणाकडे?

फुटबॉलचा सामना संपला, की हार कुणाच्या गळ्यात पडतो? ज्याने गोल मारला त्याच्या! पण तो गोल होण्यापूर्वी चेंडू चौघापाचांच्या पायांतून फिरून आलेला असतो. त्या चौघापाचांची किंमत करावयाची कशी? संशोधकांनी यासाठी एक युक्ती वापरली आहे. तिला आपण जाळ्याचे गणित म्हणू या.

कागदावर अकरा ठिपके काढा. एक ठिपका म्हणजे एक खेळाडू. महादूने चेंडू गोपाळला दिला, की महादूकडून गोपाळकडे एक बाण. पुन्हा दिला, की तोच बाण थोडा जाड करायचा. अकरा जणांत असे 110 बाण निघू शकतात. खेळ संपल्यावर चित्र नीट बघा आणि मनाला विचारा, कुठला ठिपका पुसला तर हे जाळे फाटेल?

2008 साली युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा स्पेनने जिंकली. सर्वांत जास्त, म्हणजे 4 गोल केले व्हियाने. पण सर्वोत्तम खेळाडू ठरला झावी, ज्याचा साऱ्या स्पर्धेत एकच गोल! अंतिम सामन्यात टोरेसने गोल केला तोदेखील झावीने दिलेल्या चेंडूवर. अमेरिकेतील प्राध्यापक अमाराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 2010 मध्ये याच स्पर्धेचे सामने जाळ्याच्या रीतीने मोजले. गोलाकडे मारलेल्या फटक्यापर्यंत चेंडू ज्या वाटांनी गेला, त्या वाटांवर कोण किती वेळा भेटतो, हे त्यांनी पाहिले.

मग सगळा भार एकाच हुशार गड्यावर टाकावा काय? थॉमस ग्रुंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या व्यावसायिक प्रीमियर लीगमधील 23 संघांचे 760 सामने तपासून 2012 साली उत्तर दिले. जिथे चेंडूची देवघेव भरपूर, तिथे गोल अधिक. जिथे ती एकदोघांभोवतीच घोटाळते, तिथे कमी. मला वाटते, कारण उघड आहे. त्या एकाला प्रतिस्पर्ध्यांनी घेरले, की बाकीचे दहा नुसते उभे! अर्थात, जिंकत असलेल्या संघालाही चेंडू खेळवायला अधिक सवड मिळते, हे विसरता कामा नये.

गुरुजी, शाळेच्या सामन्यात दोन मुलांना वही घेऊन बसवा. एकाने नावे सांगावी, दुसऱ्याने बाण काढावे. एखाद्या ठिपक्याकडे बाणच आला नाही, तर तो मुलगा जागा सोडून पळत नाही, की पोरे त्याला चेंडूच देत नाहीत? कागद एवढे सांगणार नाही. ते मैदानाच्या कडेला उभे राहूनच बघावे लागेल.