बाळंतिणीच्या घरी डबा नेताना

बाळ झाल्याची खबर आली की मुबारकबादचे फोन सुरू होतात आणि घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो: बघायला जाताना काय न्यायचं? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जायची, अम्मी आणि खाला हरीरा, यखनी, अळीव-डिंकाचे लाडू सगळं सांभाळायच्या. पाहुण्यांनी बाळासाठी झबलं आणि मिठाई नेली की पुरे होई.

आता चित्र बदललं आहे. मुंब्रा, भिवंडी, मीरा रोड, पुण्याचं कोंढवा अशा भागांत नवरा-बायको दोघंच दोन खोल्यांत राहतात. माहेर लातूरला, सासर मालेगावला. कुणाची अम्मी स्वतः आजारी असते, कुणाची सासू आठ-दहा दिवसांवर थांबू शकत नाही. नवऱ्याची रजाही किती असते? केंद्र सरकारी नोकरीत बाप झालेल्याला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीत तेवढ्याचीही कायद्याने हमी नाही. रिक्षा चालवणारा किंवा दुकानावर बसणारा तर चौथ्या दिवशी कामावर असतो.

अशा घरी आपण जातो. घरी करून नेण्याइतकी सवड आपल्यालाही नसते, म्हणून वाटेत हॉटेलातून पार्सल घेतो. यात कमीपणा काहीच नाही. मात्र ते पार्सल निवडताना आपल्या डोळ्यांसमोर आनंदाचा प्रसंग असतो, बाळंतीण नसते. म्हणून घरात बिर्याणीचे तीन डबे येतात, पाहुणे जेवतात आणि जिच्यासाठी हे सगळं आणलं ती दूध-टोस्टवर रात्र काढते.

तिला खरोखर किती लागतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने नेहमीच्या आहाराशिवाय रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. घरच्या भाषेत सांगायचं तर एक मोठी भाकरी, वाटीभर डाळ, दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध एवढं रोज वाढीव. त्यात आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याच पाहणीत २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. म्हणजे दर पाच बाळंतिणींत एक पोटावर टाके घेऊन घरी येते. तिला वाकता येत नाही, तासभर मांडी घालून बसता येत नाही आणि शौचाला त्रास झाला तर टाके ओढतात.

म्हणून तिच्यासाठी जेवण निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पोट भरेल एवढी प्रथिनं हवीत, तेल-तिखट बेताचं हवं, सोबत भाजी किंवा फळ हवं आणि ते एका हाताने खाता यायला हवं. दुसऱ्या हातात बहुतेक वेळा बाळ असतं.

हॉटेलातून काय घ्यावं?

खिचडा हा उत्तम पर्याय आहे. गहू, डाळी आणि गोश्त एकाच भांड्यात, चमच्याने खाता येणारं. घेताना तळलेला कांदा, मिरची आणि लिंबू वेगळं बांधून मागावं.

पाया आणि नळीचा रस्सा बाळंतिणीला द्यायची आपली रीत आहे आणि गरम रस्सा तिला बरंही वाटवतो. पण पायाच्या चिकट रश्श्यात शरीराला लागणारी सगळी प्रथिनं नसतात. त्यामुळे नुसत्या सूपवर तिचं जेवण झालं असं समजू नये. बरोबर मऊ शिजलेलं गोश्त, अंडं किंवा डाळ असावी. निहारी घेतली तर वरची तर्री काढून द्यायला सांगावं. सकाळी गर्दी नसताना गेलं तर दुकानदार ऐकतो. घरून स्टीलचा डबा नेला तर उकळता रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतही येत नाही.

सीख कबाब चपातीत गुंडाळून घेतले, तर ते एका हाताने खाता येतात. चिकन कलेजी किंवा खिमा यांतून लोह मिळतं. मात्र हे खाल्ल्यावर लगेच चहा नको, कारण चहामुळे शरीरात लोह कमी शोषलं जातं.

रोज गोश्तच हवं असंही नाही. उडप्याच्या हॉटेलातली इडली, दाल-खिचडी, दही-भात पोटाला हलकं पडतं. आणि महाराष्ट्रात गल्लोगल्ली असलेलं पोळी-भाजी केंद्र तर जणू अशा घरांसाठीच आहे. मऊ पोळ्या किंवा भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, वरण-भात. किंमत आवाक्यात आणि चव घरची. गैरमुस्लिम शेजारणी आणि मैत्रिणींनाही हे सुचवावं. मांसाहार हलाल आहे की नाही या संकोचाने त्या काही आणतच नाहीत. साधी भाजी-भाकरी त्यांनी आणली तर कोणताच प्रश्न उरत नाही.

काय टाळावं? मेयोनेज घातलेला शोरमा टाळावा, कारण त्यात कच्चं अंडं असू शकतं. कापून ठेवलेली कोशिंबीर, उघड्यावरचा फळांचा रस हेही नको. मिठाईचे पुडे घरात आधीच पडलेले असतात. त्याऐवजी खजूर, केळी, पपई, भाजलेले चणे किंवा बचत गटाकडचे अळिवाचे लाडू न्यावेत. उशाशी ठेवलेले चार खजूर रात्री दोन वाजता कामी येतात.

वडीलधाऱ्यांचं परहेज

वांगं नको, भात नको, पाणी कमी प्यावं, डाळीने बाळाचं पोट दुखेल, अशी लांबलचक यादी घरोघरी ऐकू येते. यांतल्या बहुतेक गोष्टींना वैद्यकीय आधार नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने तर तहानेप्रमाणे भरपूर पाणी प्यावं. लसूण किंवा मसाल्याची चव थोडीफार दुधात उतरते, पण त्याने बाळाला अपाय होत नाही. एखाद्या पदार्थाने बाळाला खरंच त्रास होतोय असं वाटलं, तर डॉक्टरांना विचारून तेवढाच बंद करावा.

तरीही पार्सल नेणाऱ्याने दारातच दादीशी वाद घालू नये. त्याचा ताण बाळंतिणीलाच सोसावा लागतो. आधी फोन करून घरातल्या मोठ्या बाईला विचारावं, "चाची, तिला काय चालतं? खिचडा आणू की दाल-खिचडी?" त्यांनी होकार दिला की तो घास बाळंतिणीला निवांतपणे खाता येतो.

किती वाजता आणि किती?

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पुन्हा गरम करताना आतपर्यंत वाफ येईल असं करावं. भाताच्या बाबतीत हे विशेष जपावं. शिजवूनही न मरणारे काही जंतू भात कोमट राहिला की वाढतात. हॉटेलात अकराला उतरवलेली देग, दुपारी दोनला घेतलेलं पार्सल आणि रात्री नऊचं जेवण, हा हिशेब बिर्याणीच्या बाबतीत नेहमी चुकतो. म्हणून थोडंच न्यावं, जेवायच्या वेळी न्यावं आणि उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून जावं. अनोळखी ठिकाणाहून घेताना बिलावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का, तेही पाहावं.

दूरच्या शहरातून मोबाइलवर ऑर्डर पाठवता येते. तेव्हा नवऱ्याचा फोन नंबर द्यावा आणि "बेल वाजवू नका, दारात ठेवा" अशी सूचना लिहावी. नुकतंच झोपलेलं बाळ जागं झालं, तर जेवण तसंच राहतं.

गर्दीच्या दिवशी नको

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. सातव्या दिवशी अकीका झाला की गोश्तही भरपूर असतं. त्यानंतर एकेक जण आपापल्या गावी परततो. दहाव्या दिवसापासून चाळिसाव्या दिवसापर्यंत त्या घरी कुणी विचारायला येत नाही, आणि खरी भूक तेव्हाच असते. चार मैत्रिणींनी मिळून एकाच दिवशी चार पार्सलं नेण्यापेक्षा वार वाटून घ्यावेत. सोमवारी एकीने, गुरुवारी दुसरीने. किंवा सगळ्यांनी पैसे जमवून जवळच्या खानावळीचा महिनाभराचा एक डबा लावून द्यावा. महागड्या भेटवस्तूपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

रमजानमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. बाळंतिणीला निफासच्या काळात रोजा नसतो. त्यानंतरही, रोज्यामुळे स्वतःला किंवा बाळाला त्रास होईल अशी भीती असेल, तर अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ठेवायची सवलत आहे. पण घरात चूल पेटते ती सेहरी आणि इफ्तारसाठी. सगळ्यांचा रोजा असताना दुपारी एक वाजता ती स्वतःसाठी काही मागायला लाजते. मोहल्ल्यातली हॉटेलंही दिवसा बंद असतात. त्या वेळी पोळी-भाजी केंद्रातून आणलेला डबा तिच्या खोलीत नेऊन ठेवणं, ही मोठी मदत आहे.

डबा नेल्यावर

दहा मिनिटं बसावं. चहा घेऊ नये; घ्यायचाच असेल तर स्वतः करावा आणि कप धुऊन ठेवावेत. परत मागावी लागतील अशी भांडी नेऊ नयेत. नवऱ्यासाठी वेगळा घास असावा, नाहीतर ती आपला अर्धा त्याच्यासाठी झाकून ठेवते. आणि बाळाला घेण्याआधी तिला विचारावं, "तू जेवलीस का?" ती नाही म्हणाली, तर हात धुऊन बाळाला आपण घ्यावं आणि तिला समोर बसून जेवू द्यावं.

डबा नेणाऱ्याच्या लक्षात आणखी एक गोष्ट येऊ शकते. कालचं जेवण तसंच पडलेलं आहे, तिला भूक नाही, झोप नाही, सारखं रडू येतं. बाळंतपणानंतर काही दिवस मन हळवं होणं स्वाभाविक आहे; पण हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर "नजर लागली" म्हणून सोडून देऊ नये. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगावं आणि डॉक्टरांकडे न्यायला लावावं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर त्याच दिवशी न्यावं आणि तोवर तिला एकटं सोडू नये.

या महिन्यात आपल्या ओळखीत कुणाकडे बाळ झालं असेल, तर "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. कुणीच सांगत नाही. "गुरुवारी दुपारी साडेबाराला खिचडा आणते, चालेल ना?" असं विचारा. अशा प्रश्नाला तिला नुसतं हो म्हणायचं असतं.