अग्निजन्य खडक : निर्मिती, वेगळेपण आणि भूजल

शिलारस थंड होऊन घट्ट झाला की अग्निजन्य खडक तयार होतात. भूगर्भात तो सावकाश थंड झाल्यास ग्रॅनाइटसारखा भरड स्फटिकांचा, तर भूपृष्ठावर लवकर थंड झाल्यास बेसॉल्टसारखा सूक्ष्मकणी खडक बनतो. गाळाचे खडक साचलेल्या थरांपासून, तर रूपांतरित खडक उष्णता व दाब यांमुळे मूळ खडक बदलून निर्माण होतात.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराच्या बेसॉल्टने व्यापला आहे. वालुकाश्माच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी साठते. घट्ट बेसॉल्टमध्ये ते प्रामुख्याने भेगा, सांधे आणि मुरमाच्या थरांतच मिळते. म्हणूनच शेजारच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली, तर दुसरी कोरडी असू शकते. विहिरीची जागा निवडताना खडकाचा अभ्यास अपरिहार्य ठरतो.