झोपेच्या गोळीला शेवटची तारीख हवी

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या आसपास असो, राजारामपुरीत असो की कागल-गडहिंग्लजच्या बाजारपेठेत, प्रत्येक मेडिकल दुकानात कायद्याने एक वेगळी वही ठेवावी लागते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम यांसारखं औषध विकलं की चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण त्या वहीत लिहायचं आणि ही नोंद तीन वर्षं जपायची. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टाचा हा नियम. गोळी कुणी लिहिली, कुणी नेली, किती नेली हे सगळं त्या वहीत सापडतं. ती कधी थांबवायची, हे मात्र वहीत नसतं आणि बऱ्याचदा चिठ्ठीवरही नसतं. बेन्झोडायझेपिन नावाच्या या गटातल्या औषधांची बहुतेक दुखणी या न लिहिलेल्या तारखेपासून सुरू होतात.

औषध म्हणून हा गट गुणी आहे. फिट थांबत नसेल तर लोराझेपाम किंवा मिडाझोलाम काही मिनिटांत जीव वाचवतं. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला झटके येऊ लागले की डायझेपाम लागतं. दारू सोडताना हातपाय थरथरतात, भास होतात, तेव्हा क्लोरडायझेपॉक्साइडचा आधार घेतात. एन्डोस्कोपीपूर्वी मिडाझोलाम दिलं की तपासणीची धास्ती जाते आणि नंतर ती फारशी आठवतही नाही. हे सगळे उपयोग तास-दिवसांचे. घोळ होतो तो महिने-वर्षांच्या वापरात.

घरात ही औषधं अनेक नावांनी वावरतात. कुणाची ‘झोपेची’, कुणाची ‘टेन्शनची’, कुणाची नुसतीच ‘रात्रीची अर्धी’. काहींना तर आपण ती घेतोय हेच ठाऊक नसतं. पोटातल्या मुरड्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. धडधडीच्या काही गोळ्यांत प्रोप्रानोलोलसोबत अल्प्राझोलाम असतं. ‘मी झोपेचं काही घेत नाही’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने पाकिटावरचा बारीक मजकूर वाचलेला नसतो.

या औषधांचा शोध आवराआवरीत लागला. १९५७ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली इथे, रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांच्या जुन्या सामानाची साफसफाई चालली होती. चाचणी न होताच पडून राहिलेलं एक रसायन एका सहकाऱ्याच्या हाती आलं. फेकून देण्याऐवजी ते तपासायला पाठवलं. प्रयोगातल्या प्राण्यांचे स्नायू सैल पडले, आक्रमकपणा ओसरला, पण प्राणी जागे राहिले. हेच १९६० साली ‘लिब्रियम’ म्हणून बाजारात आलं आणि १९६३ मध्ये त्याच्यामागून ‘व्हॅलियम’, म्हणजे डायझेपाम. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ते रॅनबॅक्सीच्या ‘काम्पोज’ या नावाने परिचयाचं आहे. त्याआधीच्या बार्बिट्युरेट औषधांत झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत फारसं अंतर नव्हतं. नव्या गोळ्या एकट्याच जास्त घेतल्या तर मृत्यू क्वचित ओढवे. या सुरक्षिततेनेच डॉक्टर आणि रुग्ण दोघेही गाफील झाले.

जुन्या आणि नव्या गोळ्यांतला हा फरक कुठून आला? आपल्या मेंदूत पेशींची खळबळ आवरणारं गॅबा नावाचं रसायन असतं. ते पेशीवरच्या ग्राहकावर बसलं की तिथली वाहिनी उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. बेन्झोडायझेपिन त्याच ग्राहकावर शेजारच्या जागी बसतं. ते स्वतः वाहिनी उघडत नाही. गॅबा हजर असेल तेव्हा ती अधिक वेळा उघडायला लावतं. बार्बिट्युरेट मोठ्या मात्रेत गॅबाविनाही वाहिनी उघडू शकतं, म्हणून ते जास्त जीवघेणं. पण हे ग्राहक मेंदूभर पसरलेले आहेत. त्यामुळे भीती कमी करणारी गोळीच तोल ढिला करते, नव्या आठवणी नीट साठू देत नाही आणि सकाळी स्कूटर चालवताना प्रतिसाद मंद करते. झोपेचे तास वाढतात, पण गाढ झोपेचा वाटा घटतो.

वय वाढलं की हिशेब आणखी बदलतो. रक्तातलं डायझेपाम निम्म्यावर यायला विशीत सुमारे २० तास लागतात, ऐंशीत सुमारे ९०. याचा अर्थ, आजोबा रोज रात्री एकच गोळी घेत असले तरी कालची, परवाची आणि त्याआधीचीही काही अंशी अंगात असते. पहाटे लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे ‘वय झालं’ म्हणतात. विसरभोळेपणाचं खापरही वयावरच फुटतं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ज्येष्ठांसाठी टाळावयाच्या औषधांच्या यादीत हा गट ठेवला आहे, तो यासाठीच.

सवयीची गोष्ट अधिक फसवी. रोजच्या गोळीला मेंदू गप्प बसून दाद देत नाही. ग्राहकांचा प्रतिसाद बोथट होतो आणि उत्तेजना देणारी यंत्रणा जोर वाढवते. तालमीत दोन पैलवान एकमेकांवर भार टाकून उभे असावेत आणि एकाने अचानक अंग काढून घ्यावं, तसं गोळी एकदम बंद केल्यावर होतं: दुसरा तोंडावर आपटतो. झोप उडते, छातीत धडधड, हातांना कंप, आवाज-उजेड सहन न होणं, कधी भास, कधी थेट फिट. अल्प्राझोलामसारखं लवकर उतरणारं औषध असेल तर एक-दोन दिवसांत, डायझेपामसारखं रेंगाळणारं असेल तर आठवड्यानेही. रुग्णाला वाटतं, जुना आजार उलटला. तो पुन्हा गोळी घेतो, बरं वाटतं, आणि ‘मला हिची गरजच आहे’ हा समज पक्का होतो.

हे व्यसनी माणसापुरतंच नाही, याचा पुरावा शेजारच्या तेलंगणाने दिला. तिथे ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळण्याचा धंदा जुना. २०१५ मध्ये भेसळीवर कारवाई झाली, ताडी एकाएकी आटली, आणि झटके, कंप, बडबड अशी लक्षणं घेऊन मोठ्या संख्येने लोक रुग्णालयांत दाखल झाले. आपण गोळ्यांवर आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं. आपल्याकडे मालेगावात अल्प्राझोलाम ‘कुत्ता गोळी’ या नावाने नशेसाठी विकलं जातं. रेणू तोच, फक्त चिठ्ठी नाही. दारू किंवा ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामकांची जोड मिळाली की एरवी सुरक्षित ठरलेली ही गोळी श्वास थांबवू शकते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक किंवा बुरशीवरचं इट्राकोनाझोल सोबत चालू झालं तरी अल्प्राझोलाम शरीरात साठत जातं.

कोल्हापूरकरांनी एक गोष्ट खास ध्यानात ठेवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, तेव्हा प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडायच्या तयारीला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत रस्ते दिवसेंदिवस बंद होते. अशा वेळी बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत जातात, रात्रीची गोळी ‘काय तेवढी’ म्हणून राहून जाते. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला तीच गोळी चुकणं महागात पडू शकतं. पावसाळ्यापूर्वी ती पिशवीत आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असावा.

मग सुटका कशी करायची? घाईने नाही, आणि एकट्याने नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात खास अशा रुग्णांसाठी दवाखाना चालवला. त्यांचा धडा साधा: डोस इतक्या सावकाश उतरवा की मेंदूला जुळवून घ्यायला वेळ मिळेल. आजच्या मार्गदर्शक सूचनाही दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण ५ ते १० टक्के कपातीपासून सुरुवात करायला सांगतात. जुन्या वापरात याला महिने लागतात, आणि ते अपयश नव्हे. मूळ निद्रानाशावर झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलणारी मानसोपचार पद्धत हा पहिला उपाय मानला जातो. सीपीआरसारख्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मनोविकार विभागात यासाठी जायला लाजायचं कारण नाही. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मराठीत मोफत बोलताही येतं.

नव्याने गोळी लिहून मिळाली असेल तर काम आणखी सोपं आहे. झोपेसाठी किंवा तीव्र चिंतेसाठी ती सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे नेऊ नये, असा वैद्यकातला संकेत आहे. तेव्हा खुर्चीतून उठण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं, ‘ही किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची?’ उत्तर चिठ्ठीवर तारखेसकट लिहून घ्यावं. त्या तारखेनंतर मेडिकलमधून पुढचं पाकीट आणण्याऐवजी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसावं.