मेंदूच्या जखमेची रक्तातील साक्ष

फेफऱ्याचा बहुतेक झटका एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. त्याच सुमारास कोणी कांदा हुंगविलेला असतो किंवा नाकाशी चप्पल धरलेली असते, आणि श्रेय कांद्याला मिळते! खरा प्रश्न न थांबणाऱ्या झटक्याचा आहे. पूर्वी अर्धा तास चाललेला झटकाच ‘अखंड अपस्मार’ म्हणून गणला जाई. २०१५ साली अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघाने व्याख्या बदलली. सर्वांगाचे आचके पाच मिनिटे टिकले की ते आपोआप थांबतील या आशेवर न राहता उपचार सुरू करावयाचे, आणि अर्ध्या तासानंतर मेंदूस कायमची इजा संभवते असे समजावयाचे.

ही इजा कशाने होते? श्वास अडतो, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, म्हणून मेंदूची उपासमार होते, ही समजूत सोयीची होती. १९७३ मध्ये ब्रिटनमधील ब्रायन मेल्ड्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांचे स्नायू औषधाने लुळे केले, कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला आणि झटका केवळ मेंदूपुरता चालू दिला. इजा कमी झाली. टळली मात्र नाही. अतिउत्तेजित चेतापेशी आपल्याच श्रमाने मरत होत्या.

माणसाच्या मेंदूत हे घडले की नाही, हे कसे ओळखावे? हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या मृत पेशींतील ट्रोपोनिन रक्तात उतरते आणि निदान होते. त्याच न्यायाने चेतापेशी फुटल्या की त्यांतील ‘न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज’ हे विकर रक्तात सापडावयास हवे. अमेरिकेतील क्रिस्टोफर डीजॉर्जिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून ते शोधले आणि अखंड अपस्माराच्या रोग्यांत ते वाढलेले आढळले. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासातील निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. सर्वांत मोठी वाढ होती ती ज्यांचे हातपाय फारसे हलत नव्हते अशा रोग्यांत. अंथरुणावर स्वस्थ, गोंधळलेला वा बेशुद्ध दिसणारा हा रोगी आतून जळत असतो, आणि मेंदूचा विद्युत्-आलेख काढल्याखेरीज ते कोणाला कळत नाही. अर्थात अशा रोग्याला मुळातच पक्षाघात किंवा मेंदूज्वर झालेला असू शकतो. तेव्हा वाढीतला झटक्याचा वाटा किती आणि मूळ रोगाचा किती, हा वाद उरतोच.

शिवाय हा साक्षीदार निर्दोष नाही. तेच विकर तांबड्या रक्तपेशींतही असते. रक्त काढताना त्या फुटल्या तरी आकडा चढतो. ‘एस-१०० बी’ हे दुसरे प्रथिन चरबीतूनही येते. अलीकडे भरवसा वाढला आहे तो चेतातंतूंच्या सांगाड्यातील ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ या प्रथिनावर. ते रक्तात अत्यल्प असते. नवी अतिसूक्ष्म उपकरणे आली तेव्हाच ते तेथे नीट मोजता येऊ लागले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अखंड अपस्माराच्या रोग्यांत ते साध्या अपस्माराच्या रोग्यांपेक्षा अधिक आढळले. परंतु ते वयानुसारही वाढते आणि हातापायांच्या नसांच्या विकारातही.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो : माणूस शुद्धीवर येईल का? हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या बेशुद्ध रोग्यांसाठी २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत एनोलेजची मर्यादा दिलेली आहे : दोन-तीन दिवसांनी लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमहून अधिक. तीही इतर खुणांच्या जोडीनेच वापरावयाची. तीच रेघ अखंड अपस्मारावर ओढणे धोक्याचे आहे, कारण आठवडेच्या आठवडे झटके चालूनही सावरलेले रोगी आहेत. एका आकड्यावर विसंबून उपचार आखडते घेतले, तर भाकीत आपोआपच खरे ठरेल.

आणि आकडा हाती येतो तो पेशी फुटल्यावर. त्याआधीच्या मिनिटांत काय करता येते, हे अमेरिकेतील रुग्णवाहिकांत झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. शिरेतून लोराझेपाम दिलेल्या रोग्यांपैकी ६३ टक्के इस्पितळात पोहोचले तेव्हा त्यांचा झटका थांबलेला होता. मिडाझोलामची सुई सरळ मांडीच्या स्नायूत टोचलेल्यांपैकी ७३ टक्के. शीर शोधण्यात जाणारा वेळ तेवढा वाचला होता.