टकरीतील ऊर्जेचा हिशेब : स्थितिस्थापक व अस्थितिस्थापक टक्कर

प्रस्तावना

दोन वस्तूंची टक्कर हा घटक पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास पदवीच्या आरंभीच शिकविला जातो. तथापि उत्तरपत्रिका तपासताना ‘अस्थितिस्थापक टकरीत ऊर्जा नष्ट होते’ हे वाक्य वारंवार आढळते. ऊर्जा नष्ट होत नाही, हे सर्वांस ज्ञात आहे. मग ती गेली कोठे आणि ती कोणी सोसली? या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात टकरीच्या दोन प्रकारांचा विचार केला आहे.

मूळ संकल्पना

वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. बाह्य बलाचा परिणाम नगण्य असेल, तर टकरीपूर्वीचा व टकरीनंतरचा एकूण संवेग समान राहतो. संवेग अक्षय्यतेचा हा सिद्धांत दोन्ही प्रकारांना सारखाच लागू पडतो. भेद आहे तो गतिज ऊर्जेच्या बाबतीत. ती टकरीनंतर पूर्णपणे कायम राहिली, तर टक्कर स्थितिस्थापक होय. तिचा काही अंश उष्णता, ध्वनी वा आकारबदल यांत रूपांतरित झाला, तर टक्कर अस्थितिस्थापक होय. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आवाहनावरून वॉलिस, रेन व हायगेन्स यांनी या विषयावर स्वतंत्रपणे लेखन केले. त्यात वॉलिस यांनी अस्थितिस्थापक, तर इतर दोघांनी स्थितिस्थापक वस्तूंचा विचार केला होता.

कॅरमच्या पटावर एक सोंगटी दुसऱ्या स्थिर सोंगटीवर सरळ आदळली, की पहिली जवळजवळ थांबते व दुसरी तिचा वेग घेऊन निघते. ही टक्कर स्थितिस्थापक प्रकाराच्या जवळ जाणारी आहे. ‘टक्’ असा जो आवाज होतो, तेवढी ऊर्जा मात्र निसटतेच. याउलट ओल्या मातीचा गोळा भिंतीला चिकटून बसतो, ती पूर्णतः अस्थितिस्थापक टक्कर होय.

दूर जाण्याचा सापेक्ष वेग व जवळ येण्याचा सापेक्ष वेग यांच्या गुणोत्तरास प्रत्यानयन गुणांक म्हणतात. त्याचे मूल्य पहिल्या टोकाला १, तर दुसऱ्या टोकाला ० असते. १०० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू ६४ सेंटिमीटरपर्यंत उसळला, तर त्या टकरीचा गुणांक ०.८ येतो. मोजपट्टी व चेंडू एवढ्याच साहित्यात हा प्रयोग वर्गात करता येतो.

ऊर्जा कोठे जाते?

१,००० किलोग्रॅमची मोटार सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने तेवढ्याच वस्तुमानाच्या उभ्या मोटारीवर आदळून तिला चिकटली, असे मानू. दोन्ही मिळून सेकंदाला १० मीटर वेगाने पुढे जातील. संवेग पूर्वीइतकाच, २०,००० एकके राहील. परंतु गतिज ऊर्जा २,००,००० ज्यूलवरून १,००,००० ज्यूलवर येईल. उरलेली निम्मी ऊर्जा पत्रा वाकविण्यात व तापविण्यात खर्ची पडते. वेग निम्मा असता, तर ही ऊर्जा केवळ २५,००० ज्यूल झाली असती. वेग दुप्पट होताच विध्वंसक ऊर्जा चौपट होते.

लहान वस्तू अतिविशाल स्थिर वस्तूत रुतली, तर जवळजवळ सर्वच गतिज ऊर्जा रूपांतरित होते. याचे भव्य उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने निर्माण झाले. संवेग पृथ्वीस मिळाला, पण तिच्या प्रचंड वस्तुमानामुळे वेगातील फरक नगण्य ठरला. ऊर्जा मात्र खडकांनी सोसली. तेथे आढळणारे, आघाताच्या दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार हे त्याचे साक्षीदार आहेत.

रक्षण करणारी अस्थितिस्थापकता

मेढ्याहून केळघर घाटमार्गे महाबळेश्वरकडे किंवा खाली साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा हिशेब केवळ परीक्षेपुरता नाही. उदाहरणादाखल, ५ किलोग्रॅम वस्तुमानाचे डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने रस्त्यावर आदळून ०.००२ सेकंदात थांबले, तर सरासरी बल १५,००० न्यूटन येते, तेच ०.०१ सेकंदात थांबले, तर ३,००० न्यूटन. शिरस्त्राणातील थर्मोकोलसदृश थर चेपला जातो, थांबण्याचा अवधी वाढवितो व ऊर्जा स्वतः सोसतो. तो चेंडूप्रमाणे उसळणारा असता, तर संवेगातील बदल उलट वाढला असता. म्हणूनच एकदा जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले, तरी बदलणे इष्ट ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मधील शिरस्त्राणाच्या सक्तीमागे हेच विज्ञान आहे.

समारोप

पाठ्यपुस्तकात स्थितिस्थापक टक्कर ‘आदर्श’ म्हणून येते, त्यामुळे अस्थितिस्थापकता हा जणू दोष आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः टकरीतील ऊर्जा कोणीतरी सोसणे अटळ असते. ती खडकाने, पत्र्याने, थर्मोकोलने की कवटीने सोसावी, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर टकरीपूर्वीच ठरविता येते. शिक्षकाने हा घटक शिकविताना समीकरणाबरोबर एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले, तरी अध्यापनाचे सार्थक होईल.